शनिवारचा बिनकामाचा क्लास

शिवणक्लास चालवणाऱ्या बाईकडं दोन गोष्टी न सांगता साठत जातात. एक चिंध्या, दुसरे किस्से. चिंध्या निदान पोत्यात कोंबून माळ्यावर टाकता येतात. किस्स्यांचं तसं नाही. एक सांगायला बसलं की मागनं दुसरा येतो, तो संपेतोवर कुणीतरी मधेच ओरडतं, "मॅडम, तो कोंबड्याचा सांगा की!" आणि पहिला राहूनच जातो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावेत.

बेळगावात अनगोळला, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास आहे. तीस वर्षं ब्लाउज, परकर, फ्रॉक शिकवतेय. मधे पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातनं एक दिवस तरी मशीनवर बसू नका. मी शनिवार सुट्टीचा ठरवला. मशीन बंद झाली, पण बायका यायच्या काही थांबल्या नाहीत! तीन वाजले की जिना चढून वर. बसायच्या, चहा प्यायच्या, पंख्याकडं बघायच्या.

शेवटी मीच म्हटलं, "नुसत्या बसू नका बाई. माळ्यावर चार पोती चिंध्या आहेत. काढा, आणि मनाला येईल ते करा."

हे 'मनाला येईल ते' लई अवघड प्रकरण निघालं!

*

पहिल्या शनिवारी मी खाली जाऊन तासाभरानं वर आले. पाच जणींनी मिळून चार पायपुसणी आणि गरम भांडं धरायचं एक फडकं तयार केलं होतं. वर विचारतात, "पुढच्या शनिवारी उश्यांचे अभ्रे करूया का?"

मी म्हटलं, "असं नाही चालणार. आजपासून इथं एकच नियम. उपयोगाचं काही करायचं नाही. घरी कुणाच्याही कामाला येणार नाही, असंच करायचं."

एकीनं सुईदोरा खाली ठेवला. कोपऱ्यात सुशीला बसली होती. ही कंग्राळीची. घरी शेती, दोन म्हशी, सकाळचं दूध शहरात घालून, दुपारची भाकरी उरकून इथं येते. तिनं कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला.

"म्हंजे मॅडम, दिसायला बरं, पण कामाचं काय न्हाय, असं?"

"बरोबर."

"मग करायला कशाला पायजे? तसला एक हाय की आमच्या घरात!"

*

नियम केला मी, आणि पहिल्यांदा जमला नाही तोही मलाच.

पुढच्या शनिवारी, बायका यायच्या आत, मी चिंध्यांचा मोर करायला घेतला. निळे तुकडे निवडले, हिरवे निवडले, पिसारा केला, टीप मारली. पाठ विसरून मशीनवर बसले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून बरं. मोर झाल्यावर टेबलावर ठेवला. तारीफ ऐकायला जरा बाजूला उभी राहिले.

बायका गोल करून उभ्या राहिल्या.

आमच्यातली थोरली पद्माक्का म्हणाली, "शिलाई चांगली हाय हां."

सुशीलानं मोर उचलला, उलटा केला. आतली शिवण बघितली, कड बघितली, परत सुलटा केला आणि म्हणाली, "मॅडम, मोर झकास! पण युनिफॉर्म घालून शाळेला निघाल्यागत दिसायलाय!"

मी तो खाली घरात नेऊन त्याची एक बाजू उसवली. हातानं, वाकडे टाके घालून परत शिवायला घेतली. वाकडा टाका घालायला मला तीन शनिवार लागले. सरळ टाका मी एका दिवसात शिकले होते.

*

आता तो कोंबड्याचा.

पद्माक्का मूळची निपाणीची. जैन घरातली, माहेरचा धान्याचा व्यापार. लग्न होऊन इकडं आली त्याला चाळीस वर्षं झाली. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. बोलायला कमी, पण एकदा बोलली की विषय संपतो.

एका शनिवारी आम्ही खानापूरकडनं लाल माती आणली होती. प्रत्येकीनं काहीतरी केलं. सुशीलानं म्हैस केली. पद्माक्कानं कोंबडा केला. आणि खरं सांगते, तो कोंबडा असा जमला होता की बस्स! मान वाकडी करून, एका डोळ्यानं बघणारा.

पाच वाजता मी म्हटलं, "चला, आता सगळं मोडून गोळा करा. पुढच्या शनिवारी तीच माती वापरू."

पद्माक्कानं कोंबड्यावर पदर घातला.

"मोडायचा न्हाय."

"अहो, मातीचा आहे!"

"असू दे. आमच्यात पिठाचा कोंबडा कापला तरी जीव घेतल्यागत धरतात. हातानं केला, डोळे लावले. आता तो कोंबडा झाला."

सुशीलाचा हात म्हशीच्या पाठीवर होता. अर्धी पाठ तिनं दाबलीही होती. तिनं हात मागं घेतला.

"मग माझी म्हैस?"

विषय संपला. त्या दिवशी एकही जनावर मोडलं गेलं नाही. ते सगळं अजून माझ्या फळीवर आहे. पाठ बसलेल्या म्हशीसकट!

पण किस्सा पुढंच आहे. पुढच्या शनिवारी सुशीला जिना चढतानाच ओरडत आली.

"पद्माक्का, तुमच्यामुळं आमच्या घरात भांडण झालं!"

"मी काय केलं गं?"

"रविवारी पावणे आलते. मालकांनी कोंबडं धरून आणलं. मी सुरी घेऊन उठले, तर ते कोंबडं मान वाकडी करून माझ्याकडं बघायलंय! अगदी तुमच्या कोंबड्यागत! मी म्हटलं, न्हाय कापायचं."

"मग?"

"मग काय! पावण्यांनी वांगी खाल्ली. आणि कोंबडं अजून अंगणात फिरायलंय, मालकाच्या अंगावर धावायलंय!"

पद्माक्का हसली नाही. तिनं फळीवरच्या कोंबड्याची धूळ तेवढी पुसली.

*

सुशीलाच्या मालकांचा दर शनिवारी सव्वातीनला फोन यायचा.

"अगं, चहापूड कुठाय?"

पुढच्या शनिवारी, "साखर कुठाय?" त्याच्या पुढच्या शनिवारी परत चहापूड. तीस वर्षं त्याच घरात, त्याच फळीवर, तेच डबे. सुशीला सुई तोंडात धरून सांगायची, "वरच्या फळीवर, डावीकडनं तिसरा." तिकडनं आवाज यायचा, "डावीकडनं म्हंजे कुठनं?"

एकदा तिनं घरनं स्टीलचे रिकामे डबे आणले आणि रंग मागितले. मी नियमाची आठवण केली.

ती म्हणाली, "डबा कामाचा हाय मॅडम. चित्र बिनकामाचं."

मी रंग काढून दिले. दोन शनिवार बसून तिनं रंगवलं. चहाच्या डब्यावर कपबशी. साखरेच्या डब्यावर मुंग्यांची रांग. तिखटाच्या डब्यावर काय काढलं, ते मात्र कुणाला दाखवलं नाही. पिशवीत घालून घेऊन गेली.

पुढचा शनिवार आला. सव्वातीन वाजले, फोन नाही. साडेतीन झाले, फोन नाही. आम्हा सगळ्यांनाच चैन पडेना. सुशीला तर दर दोन मिनिटांनी मोबाईल उलटा करून बघत होती. चारला वाजला एकदाचा! तिनं स्पीकरवर टाकला.

"अगं, चहा सापडला."

"बरं झालं."

"साखर बी सापडली."

"मग फोन कशाला केलासा?"

"त्या तिसऱ्या डब्यावर हा मिशीवाला कोण काढलाईस?"

"आवं, ते तिखट हाय."

"तिखट हाय ते कळलं गं. पण माणूस कोण हाय?"

सुशीलानं शांतपणे सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "आरशात बघा की!"

*

प्राची आमच्यात सगळ्यात लहान, तिशीतली. सांबऱ्याहून रोज बसनं शहरात येते. एका ऑफिसात आलेल्या-गेलेल्या कागदांवर शिक्के मारणं हे तिचं काम. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की डबा न खाताच इकडं.

एकदा आम्ही बटाट्याचे ठसे करत होतो. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर आकार कोरायचा, रंगात बुडवायचा आणि कागदावर उमटवायचा. लहान पोरंही करतात. प्राचीनं मासा कोरला, फार सुंदर. मग रंगात बुडवला आणि, धाड! टेबल हललं. पद्माक्काच्या कपातला चहा सांडला.

परत, धाड! नवा कागद. धाड!

मी जाऊन बघितलं. वीस कागद झाले होते. प्रत्येक कागदावर एकच मासा, तोही उजव्या कोपऱ्यात, खाली.

"प्राची, अगं मधे एवढी जागा आहे की!"

ती थबकली.

"मॅडम, मधे मजकूर असतो ना."

त्या दिवशी जाताना तिनं तो बटाटा पिशवीत टाकला. सोमवारी तिनं रजेचा अर्ज दिला, आणि खाली सहीच्या जागी मासा उमटवला. हे तिनंच आम्हाला पुढच्या शनिवारी सांगितलं. सगळ्यांनी एकदम विचारलं,

"साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. मंजूर केला."

"मासा बघून?"

"बघितलाच नाही. त्यांनी त्याच्या शेजारी सही केली."

मग प्राची म्हणाली, "सात वर्षं मी त्या टेबलावर बसते, मॅडम." त्या शनिवारी तिनं कागद सोडून दिला आणि एका जुन्या पांढऱ्या चादरीवर मासे उमटवले. मधोमध!

*

कुठून तरी बातमी फुटली, की अनगोळात बायकांचा एक गट आहे. सरकारी कामातल्या एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या. नोंदणी करा, ट्रेनिंग मिळेल, मशीन मिळतील, वस्तू विकायला स्टॉल मिळेल. बाई चांगल्या होत्या, पण दमलेल्या. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं नुसतं पाणी प्यायल्या.

फॉर्म कन्नडमध्ये होता. मी कन्नड अक्षर लावून लावून वाचते, म्हणून पद्माक्का भरायला बसली. गटाचं नाव भरलं. माणसांची नावं भरली. 'काय तयार करता' या रकान्यात तिनं आमच्याकडं बघितलं, फळीवरच्या म्हशीकडं बघितलं, आणि 'काही नाही' असं लिहिलं. त्याखाली मोठा रकाना होता, 'गटाचा उद्देश'. पाच-सहा ओळी मोकळ्या.

पद्माक्कानं एकच शब्द लिहिला. 'सुम्मने'.

आमच्या भागात हा शब्द कन्नड बोलणाराही वापरतो आणि मराठी बोलणाराही. सुम्मने म्हणजे असंच. उगीच. काही कारण नाही, म्हणून.

मॅडमनी फॉर्म वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"आजी, असं ऑफिसात चालत नाही."

"मग काय लिहू?"

"महिला सबलीकरण लिहा, कौशल्यविकास लिहा, काहीतरी लिहा."

"ते खोटं होईल की!" पद्माक्का म्हणाली.

मॅडमनी फॉर्मची घडी घातली, बॅगेत टाकली, चप्पल घातली. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.

"शनिवारी किती वाजता बसता म्हणालात?"

गेले आठ महिने येतायत. कागदाच्या होड्या करतात. एवढ्या मोठ्या बाई, पण होडीशिवाय दुसरं काही करत नाहीत. फॉर्मचं कुणी विचारत नाही.

*

आणि शांतामावशी.

माझी जुनी विद्यार्थिनी रेखा दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिची आई, म्हणजे शांतामावशी, निपाणीला. आठव्या वर्षापासून बिड्या वळायची, ती पासष्टी ओलांडली तरी वळतच होती. छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा रेखानं तिला जबरदस्तीनं इकडं आणलं आणि काम बंद केलं.

रेखा माझ्याकडं आली ती रडवेली होऊन. "मॅडम, आई टीव्हीसमोर बसती, पण तिचं हात थांबत न्हाईत. मांडीवर काय नसतंय, तरी बोटं वळत असत्यात. जेवताना घास हातात घेऊन वळती. डॉक्टर म्हणाले हाताला काय झालं न्हाय, सवय हाय."

"घेऊन ये शनिवारी," मी म्हटलं.

त्या शनिवारी आम्ही रंगीत कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून फुलं करत होतो. पट्टी सुईवर गुंडाळायची, टोक चिकटवायचं, अशा गुंडाळ्या जोडून पाकळ्या करायच्या. किचकट काम. शांतामावशी दाराशी बसली, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "सूप हाय?"

मी धान्य पाखडायचं सूप आणून दिलं. तिनं ते मांडीवर घेतलं, आणि तिची बोटं सुरू झाली. सुई नको, डिंक नको. पट्टी उचलली, वळली, नखानं टोक आत दुमडलं, टाकली. आमच्या तीन-चार गुंडाळ्या होईतोवर तिचं सूप भरलं. सगळ्या एकसारख्या. आणि ती खाली बघतही नव्हती! आम्ही आपापलं काम सोडून तिच्याकडं बघत बसलो.

"मावशी, ह्याची फुलं करायचीत," प्राची म्हणाली.

"फुलं तुमी करा. मी वळून देते. कागूद आणा."

पाच वाजता ती उठली. सूप माझ्यापुढं ठेवलं आणि हात बांधून उभी राहिली.

"बघा."

"काय बघू, मावशी?"

"खराब किती हाईत, ते काढा."

बिडीच्या कारखान्यात संध्याकाळी खराब बिड्या बाजूला काढून मजुरी कापतात, ते मला मग आठवलं. मी सुपात हात घातला, वरखाली केलं. "एकही खराब नाही."

"एकबी न्हाय?"

"एकही नाही."

"असं हुईत न्हाय," ती म्हणाली, आणि होती तिथंच खाली बसली.

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. यायची, सूप घ्यायची, वळायची. फूल कधी केलं नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, जरा सावकाश करा की. घाई कुणाला आहे?"

तिनं माझ्याकडं खरंच शिकायच्या नजरेनं बघितलं. "सावकाश कसं करत्यात? दावा की."

मी सुईवर पट्टी घेऊन सावकाश वळून दाखवली. तिनंही तशी वळायला घेतली. दुसऱ्या वेढ्याला बोटं निसटली, आणि आपली आपण पळत सुटली.

मग एका शनिवारी सुशीलानं चिंध्यांच्या पाच बारक्या पिशव्या शिवल्या, आत जोंधळे भरले आणि तोंड शिवून टाकलं. गजगे! लहानपणी आम्ही सागरगोट्यांचे खेळायचो ते. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. बघता बघता सगळ्या फरशीवर गोल बसल्या. गुडघे दुखणाऱ्यासुद्धा! पद्माक्का असं खेळली की विचारू नका.

शांतामावशीची बोटं सुपात चालू होती, पण डोळे इकडं होते.

"मावशी, या की. लहानपणी खेळला असाल."

"बघितलंय की. गल्लीत पोरी खेळायच्या. आमी दारात बसून बघायचो."

"मग या."

"मला येत न्हाय."

सुशीलानं तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तिच्या हातात एक गजगा दिला.

शांतामावशीनं तो वर उडवला. तो पडला पद्माक्काच्या डोक्यावर. परत उडवला, तो गेला मशीनखाली. जी बोटं एक पट्टी वाकडी वळत नव्हती, त्यांना एक गजगा झेलता येईना! तिसऱ्या वेळी तो तिच्याच नाकावर पडला. शांतामावशी हसायला लागली. तोंडावर पदर धरून, पुढं-मागं डुलत, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. तोपर्यंत तिला हसताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

पुढचे तीन शनिवार तिनं सूप मागितलं नाही. येऊन सरळ फरशीवर बसायची. एक गजगा झेलायला शिकली. एक-एक उचलायला शिकली. दोन-दोनचा, म्हणजे एका झेलात दोन उचलायचा, डाव काही केल्या जमत नव्हता.

चौथ्या शनिवारी पाच वाजून गेले. आम्ही सगळ्या जायला उठलो होतो, पण कुणी गेलं नाही. कारण मावशीचे पहिले दोन उचलून झाले होते आणि दुसरे दोन राहिले होते. तेवढ्यात खालनं रेखाची हाक आली.

"आई! चल गं, पाच वाजून गेले!"

मावशीनं वर बघितलं नाही. गजगा उडवला, घाबरून दोन्ही हातांनी झेलला. दोन्ही हातांनी झेललेला खेळात मोजत नाहीत. सगळ्या म्हणाल्या, चालतंय, परत टाका.

"आई! ए आई! किती वेळ? घराकडं यायचं हाय का न्हाय?"

शांतामावशी उठली. मुठीत गजगा घट्ट धरून खिडकीपाशी गेली, गजांना तोंड लावलं, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली,

"थांब की गं! माझा डाव हाय!"